एक पाकीट पार्सली, चार हवामानं

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ८.१५
आजपासून पार्सली.

हिला जाऊन तेरा दिवस झाले. हिच्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून तिच्याकडे गेली आहे, त्या थंड गावात. जाताना तीन सुटकेस नेल्या. थंडीचे कपडे जागा फार खातात. गंमत अशी की इथे हिला एसीची थंडी सोसत नसे, रात्रंदिवस कुरकुर. आता ही नाही म्हणून मी एसी अठरावर ठेवून दिला आहे, बंदच करत नाही.

पार्सलीच्या, म्हणजे त्या विलायती कोथिंबिरीच्या, बियांचं अर्धं पाकीट तिने तिकडे नेलं, अर्धं फ्रिजवर ठेवलं. काल फोनवर म्हणाली, लावून बघा, उगवली की सांगा, मग परत यायचं बघू. म्हणजे परत येणं ठरलेलं आहे. उगवण्याची फॉर्मॅलिटी तेवढी बाकी.

उगवेलच. एअर कंडिशनिंग कंपनीत सर्व्हिस मॅनेजर म्हणून सव्वीस वर्षं काढली. लोकांना हवं ते हवामान करून देणं हा माझा धंदा. एका पालेभाजीचं काय एवढं?

ठराव : रोज पाणी. रोज नोंद. शिवाय गॅलरीत एसीचा पाईप गळतो तो या आठवड्यात दुरुस्त करणे. (ही दोन वर्षं मागे लागली होती.)

३ फेब्रुवारी
पाकिटावर लिहिलं आहे, बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. कोमट म्हणजे किती डिग्री ते लिहिलेलं नाही. ढिसाळ काम. किटलीतलं घातलं. सगळ्याच भिजवणार होतो, पण निम्म्या झाल्यावर कंटाळा आला.

४ फेब्रुवारी, रात्री ९
आइस्क्रीमचे चार रिकामे डबे, चार हवामानं. गॅलरी : वाळवंट. बाथरूम : पावसाळी जंगल. फ्रिजमधला भाज्यांचा कप्पा : ध्रुव प्रदेश. ऑफिसमधली डेमो रूम, कायम बावीस डिग्री : आदर्श. प्रत्येक डब्यात माती, बिया आणि एक थर्मामीटर. असा पद्धतशीर प्रयोग कोणी केला नसेल.

पाणी उद्यापासून. आज थर्मामीटर लावण्यातच वेळ गेला.

६ फेब्रुवारी
फोन. पाणी घालता ना, असं हिने विचारलं. हो म्हणालो. उद्यापासून घालणारच आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
काही नाही. रोज सकाळी काट्याने थोडं उकरून पाहतो. बी जागच्या जागी असतं. मग परत झाकतो.

समोरच्या फ्लॅटमधले मास्तर, रिटायर्ड ड्रॉइंग टीचर, गॅलरीतून बघत होते. उकरू नका, म्हणाले, पार्सलीला तीन-चार आठवडे लागतात, कधी जास्तही. मास्तरांनी जन्मभर फुलं काढली, उगवली एकही नाही. मी मान डोलावली.

११ फेब्रुवारी
अंघोळ करताना पावसाळी जंगल बादलीत पडलं. थर्मामीटर वाचला.

१३ फेब्रुवारी
फोन. काही दिसतंय का, असं विचारलं. दिसतंय म्हणालो. दिसतंच की. उकरलं की बी दिसतं.

तिला बरं वाटलं असावं. आवाज जरा मोकळा वाटला. मेहुणीचा गुडघाही वाकतो आहे म्हणे.

१५ फेब्रुवारी
इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो, म्हणजे उगाच गैरसमज नको. मागच्या उन्हाळ्यात ही आठ दिवस हॉस्पिटलात होती. तेव्हा गॅलरीत तिची पार्सलीची कुंडी होती, चांगली तरारलेली. आमचा सीझन ऐन भरात. मी हॉस्पिटलात दोनदा जाऊन आलो, बाकी फोन रोज. रोज ती कुंडीला पाणी घातलं का विचारायची, रोज मी हो म्हणायचो. आजारी माणसाला कशाला त्रास?

घरी आल्यावर तिने कुंडी पाहिली. काळपट काड्या उरल्या होत्या.  तिने ती उचलून कोपऱ्यात ठेवली. मला वाटलं, विषय मिटला.

१८ फेब्रुवारी
डेमो रूममधला डबा नाही. साफसफाईच्या बाईंनी कचरा समजून फेकून दिला. मी तक्रार करायच्या तयारीनेच गेलो. त्यांनी विचारलं, साहेब, त्यात काय होतं? मी म्हणालो, राहू द्या.

काही वाटलं नाही. अजून दोन हवामानं आहेत.

२० फेब्रुवारी, सकाळी ९
फोन. किती झाली? चार बोटं, म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

 ती म्हणाली, माझी अजून आलीच नाही. हे ऐकून मला किंचित आनंद झाला, याची प्रामाणिकपणे नोंद करतो. हवामानाचा फरक, असं मी समजावलं.

२३ फेब्रुवारी, रविवार
ध्रुव प्रदेश विटेसारखा कडक झाला आहे, आणि लोण्याला मातीचा वास येतो. वाळवंटाला भेगा. गेले किती दिवस पाणी घातलं नव्हतं ते पाहायला ही रोजनिशी चाळली. पाणी घातल्याची नोंदच नाही.

दोन्ही डबे हिच्या जुन्या कुंडीत उपडे केले आणि कुंडी पायाने सरकवली, गळक्या पाईपखाली, वाटेत नको म्हणून. प्रयोग स्थगित. बंद नव्हे.

पाईप पुढच्या रविवारी.

२६ फेब्रुवारी
हिने फोटो पाठवला. स्वयंपाकघराची खिडकी, बाहेर पांढरं धुकं, कान तुटलेला कप, आणि त्यात दोन हिरवे दोरे. खाली लिहिलं होतं, "आज आली. आता तुमची पाठवा. तिकिटाचं मग बोलू."

तिकिटाचं हा शब्द मी चार वेळा वाचला.

२७ फेब्रुवारी, रात्री १०.३०
ऑफिसला हाफ डे. मोठ्या भाजीच्या दुकानातून पार्सलीची जुडी आणली. रिकाम्या डब्यात माती भरली, जुडी खोचली, माती दाबली, वरून पाण्याचे शिंतोडे. तीन अँगलने फोटो काढले, त्यातला उत्तम पाठवला. वीतभर, घनदाट.

ही फसवणूक म्हणता येणार नाही. पार्सली एक ना एक दिवस उगवणारच होती. मी फक्त त्या दिवसाचा फोटो आज पाठवला.

संध्याकाळी कपाटातला तिचा कप्पा रिकामा केला, माझे शर्ट तिथे शिरले होते. तिकीट शनिवारचं मिळालं तर स्टेशनवर जावं लागेल.

२८ फेब्रुवारी
फोन आला. तिने आवाज चढवला नाही. जसं झालं तसं लिहितो.

ती म्हणाली, "अहो, देठांना रबरबँड आहे."

मी म्हणालो, आधार म्हणून लावला आहे.

मग ती म्हणाली, "मागच्या वर्षी हॉस्पिटलात मी रोज विचारत होते ना, ते कुंडीसाठी नव्हतं. आज विसरलो, एवढं एकदा म्हणाला असतात तरी चाललं असतं."

 इथे ऊन फार आहे, असं म्हणालो.

ती म्हणाली, "ताईने मागची खोली दिली आहे मला. मी इथेच राहते. तुम्ही जेवत जा वेळेवर."

मी बरं म्हणालो. फोन ठेवला. घड्याळात नऊ चाळीस झाले होते. ऑफिसला गेलो.

१ मार्च
काही नाही.

३ मार्च
ऑफिस. दोन तक्रारी, दोन्ही गळतीच्या. माणसं पाठवली. जुडी डब्यात पिवळी पडते आहे. सूपमध्ये घालावी म्हटलं, पण सूप करता येत नाही.

५ मार्च
शर्ट परत तिच्या कप्प्यात ठेवले. मग काढले. खुर्चीवर आहेत.

वाईट वाटायला हवं. वाटत नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला नसल्यासारखा वाटतो, तसं चाललं आहे.

९ मार्च, रविवार, सकाळी ७.४०
करायला काही नव्हतं म्हणून पाईप दुरुस्त करायला घेतला. दोन वर्षं राहिलेलं काम. जॉइंट बदलला, टेप गुंडाळली. वीस मिनिटं लागली.

उठताना कुंडी दिसली.

मातीत एक हिरवा दोरा होता. टाचणीएवढा. त्याला दोन पानं, आणि मधून तिसरं, कातरलेलं, निघू पाहणारं. गवत असेल म्हणून समोरच्या मास्तरांना हाक मारली. ते चष्मा घेऊन आले, गुडघ्यांवर बसले, बराच वेळ पाहिलं. पार्सलीच आहे, म्हणाले. मग म्हणाले, "छान. पाणी कोण घालत होतं?"

मी पाईपकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. चहा घ्यायला या, एवढंच म्हणाले आणि गेले.

फोटो काढला. चांगला आला आहे. पाठवता मात्र येत नाही. चार बोटं सांगून झालं आहे, वीतभर दाखवून झालं आहे. आता ही टाचणी दाखवली तर ती म्हणेल, ही कुठून आणली? आणि मी कुठूनच आणली नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? मी तिच्या जागी असतो तर ठेवला नसता.

इथे थोडा वेळ लिहिणं थांबलं होतं. वाईट वाटत होतं. आज वाटलं.

सकाळी ९.१०
पाईप आता गळत नाही. चोख काम झालं आहे. म्हणजे पाणी मलाच घालावं लागणार.

वाटीभर घातलं. खरंच घातलं.