बसण्याआधीची विचारपूस

१४ ऑगस्ट १९६१

बायको सायराबी, गुडघा कसा? — बरा. सूनबाई नूरजहाँ, डोकं? — उतरलं. चाँदपाशा, पोट? — "बरा हाय, अब्बा." घरचे झाले. मग कारखान्याच्या दारात उभा राहिलो. शरणम्मा, दाढ? — ठणका गेला. इरम्मा, झोप? — लागली. शेवटी नवा गडी हणमंतप्पा. बरा हाय का, विचारलं तर म्हणाला, "भ्या वाटतंय, अज्जा."

सगळे हसले. मीपण हसलो.

ही विचारपूस वडलांपासून चालत आली. फटाक्याची दारू कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. ज्याच्या अंगात कणकण, ज्याला झोप नाही, जो घरून भांडून आला, त्याला त्या दिवशी दारूजवळ बसवायचं नाही. बाहेर लिंबाखाली कागद चिकटवायला धाडायचं. रोजगार तोच. कुणी देवाचं नाव घेऊन बसतं, आम्ही विचारून बसतो. म्हणून तर आमच्या छपराला आजवर ठिणगी शिवली नाही.

पण भ्या वाटतंय म्हणणाऱ्याचं काय करायचं? रोजच वाटतं त्याला. रोज लिंबाखाली बसवू?

१७ ऑगस्ट

हणमंतप्पा उमरग्याकडचा, घरात कानडी, म्हणून मला अज्जा म्हणतो. बायको महानंदा आमच्या तेरखेड्याची, म्हणून इथं आला. हात असा हलका की भुईनळ्यात दारू ठासताना ठासणीचा आवाज येत नाही. शिकवून येत नाही हे, उपजत असतं.

पण भित्रा! बसण्याआधी जागा झाडतो, पुन्हा झाडतो. अंगावर लोखंडाचा तुकडा राहिला का म्हणून कंबर चाचपतो. दुरून बैलगाडी खडखडली तरी हात थांबवतो. चाँदपाशानं त्याचं नाव शेळी ठेवलंय. आज चाँदपाशानं मुद्दाम छपरामागं जाऊन पत्र्यावर काठी आपटली. हा नळा खाली ठेवून धूम — थेट लिंबाखाली! बायका पदर तोंडाला लावून हसल्या. इरम्मा म्हणाली, "महानंदे, नवरा बांधून ठेव गं, लांडगा नेईल." महानंदा भाकरी घेऊन आली होती. तिनं भाकरी ठेवली, निघून गेली.

चाँदपाशावर रागावलो. पण हसू मलाही आवरलं नव्हतं. पानापाशी खोटं कशाला?

२० ऑगस्ट

आज त्याला जवळ बसवून चार शब्द सांगितले. गावात बाबामियाँचाचाच्या चार शब्दांना किंमत आहे. शाळा पाहिली नाही, बाळबोध अक्षर गिरवलं ते दाढी पिकल्यावर, पण लोक आपली पोरं माझ्याकडं घेऊन येतात — चाचा, याला जरा वळण लावा.

म्हणालो, लेकरा, झाकली मूठ सव्वा लाखाची. दुखणं आणि भ्या, दोन्ही तोंडाबाहेर काढली की त्यांना पाय फुटतात. गिळली की जिरतात. मी विचारलं की बरा हाय म्हणायचं. म्हणता म्हणता माणूस बरा होतो.

तो जमिनीकडं बघत होता. म्हणाला, "आन् खरंच बरं नसलं तर, अज्जा?"

म्हणालो, तवाच तर म्हणायचं.

चाँदपाशाचा दाखला दिला. माझा लेक, पण कामचोर. दिवाळीची गर्दी आली की याचं पोट धरलंच. लिंबाखाली बसून बसून लिंबाच्या बुंध्याला घट्टे पडले! शेवटी गेल्या साली सगळ्यांदेखत विचारलं, बाळंतीण हायेस का रे? बाळंतकाढा आणू? त्या दिवसापासून पोट हा शब्द नाही तोंडात. आता बघा, कामानं अंग कसं तासल्यासारखं झालंय. तिखट सोडलं, चहा सोडला. शौक गेले. एका वाक्यानं माणूस सुधारला!

हणमंतप्पा सगळं ऐकून घेतो. मान हलवतो. असा ऐकणारा लई दिवसांनी भेटला.

३ सप्टेंबर

औषध लागू पडलं. दारात विचारलं, तर ताठ उभा राहून म्हणाला, "बरा हाय, अज्जा." शाबासकी दिली, गुळाचा खडा दिला. जागा आता एकदाच झाडतो. चाँदपाशानं पुन्हा पत्रा वाजवला — हलला नाही. सगळे वाहवा म्हणाले. कपाळावरून घामाचा ओघळ आला होता. पण हलला नाही!

१० सप्टेंबर

महानंदा आडावर भेटली. म्हणाली, "चाचा, हल्ली घरात बी बोलत न्हाईत. जेवलासा का इचारलं तरी बरा हाय म्हणतेत." हसलो. म्हणालो, पोरी, बडबड्या नवऱ्यापेक्षा मुका बरा. ती हसली नाही.

२१ सप्टेंबर

पावसानं उघडीप दिली. ऊन मिळालं तसं काम अंगावर आलं. दिवाळीला उरलेत किती दिवस! गावात जागोजाग थंडीताप. शरणम्माला दोन दिवस लिंबाखाली बसवलं. इरम्मा कुजबुजली, शरणम्मा आता शेळीची जागा घेणार. शरणम्मा आज बरी होऊन आत आली.

२६ सप्टेंबर

हात चालत नाही.

२७ सप्टेंबर

लिहायला पाहिजे. न लिहून काय होणार?

काल सकाळी दारात विचारलं. हणमंतप्पा म्हणाला, "बरा हाय, अज्जा." डोळे लाल होते. वाटलं, रात्री जागला असेल, जवान माणूस. आत गेला. आमच्यात ठासणीला एकेकट्यानं बसायचं, ज्याच्या त्याच्या छपराखाली, आडोसा करून. काही वेळानं मी फेरी मारली तर त्याचा हात कापत होता. ठासणी नळ्याच्या काठावर टकटक वाजत होती. दातही वाजत होते.

मला वाटलं, भ्या परत आलं.

पलीकडून चाँदपाशा म्हणाला, "शेळी थरथरायली, अब्बा." कुणीतरी हसलं. हणमंतप्पानं माझ्याकडं बघितलं आणि उठायला झाला. अर्धा उठला होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली बसवला. कुडत्यातून चटका बसेल इतका खांदा गरम होता. तरी माझ्या डोक्यात आलं नाही! म्हणालो, कापू दे. आज उठलास तर जन्मभर उठशील. बस. कापून कापून भ्या बाहेर पडंल.

"व्हय, अज्जा," म्हणाला. बसला.

मी दारापर्यंत पोचलो असेन.

छप्पर त्याच्या एकट्याचंच उडालं. बाकी कुणाला खरचटलं नाही. वडलांनी घालून दिलेली पद्धत — एकेकटं बसायची.

२९ सप्टेंबर

बार्शीच्या दवाखान्यात जाऊन आलो. दोन्ही हात मनगटापासून नाहीत. डोळ्यांवर पट्टी. डॉक्टरांनी विचारलं, याला थंडीताप होता, एकाआड एक दिवस येणारा, तुम्हाला माहीत नव्हतं? कामाला कसं बसवलं?

खाटेजवळ गेलो. जिभेला एकच वळण आहे. म्हणालो, हणमंतप्पा, कसा हाईस?

ओठ फुटलेले होते. आवाज यायला वेळ लागला.

"बरा हाय, अज्जा."

महानंदानं तोंड भिंतीकडं केलं.

३० सप्टेंबर

पहाटे गेला.

८ ऑक्टोबर

महानंदाकडं गेलो. तिनं बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. रीत सोडली नाही. आवाज न चढवता सांगितलं. आदल्या आठवड्यापासून ताप येत होता. ती म्हणाली, चाचांना सांगा, ते लिंबाखाली बसवतील. तो म्हणाला, अज्जांनी सांगितलंय, दुखणं बोलायचं नाही. चार महिन्यांनी बाळ होईल, त्याला लोकांनी शेळीचं करडू म्हणायला नको.

मग म्हणाली, "तुमचे शब्द वाईट न्हाईत, चाचा. तुमच्या लेकाला लागू पडले. आमाला न्हाय पचले."

पाणी तसंच राहिलं.

१२ ऑक्टोबर

उरलेल्या छपरांत काम सुरू. करावंच लागतं. दारात विचारलं. शरणम्मा बरी, इरम्मा बरी, सगळे बरे. उत्तरं अशी पटापट आली की विचारतोय मी की हजेरी घेतोय ते कळेना.

गावात बोलणं एकच — मुळातच भित्रा होता, भित्र्याला आग हुंगते. त्या बोलण्यानं मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

दुपारी एकजण आपल्या थोरल्याला घेऊन आला. पोरगा सारखी डोकेदुखी सांगतो, चार शब्द सांगा म्हणाला. मी गप्प बसायला हवं होतं. पण विचार केला, एकच कुडतं दोन अंगांना बसत नाही, म्हणून कुडतं वाईट कसं? हणमंतप्पाला नसेल मानवलं. चाँदपाशाला मानवलं ना! तो समोर उभा आहे की धडधाकट.

सांगितले चार शब्द. चाँदपाशाचा दाखला दिला.

१५ ऑक्टोबर

आज छपरामागं गेलो. चाँदपाशा पाण्याच्या पिंपावर ओणवा होता, पिंपाचा काठ पोटात रुतवून. वाटलं, पाणी काढतोय. मग ओकला. काळं, चहाच्या चोथ्यासारखं. त्यानं पायानं माती ओढली. सराईतपणे. जवळच तसे मातीचे ढीग होते, जुनेही.

नूरजहाँला विचारलं. ती रडायला लागली. वर्ष झालं, म्हणाली. तेव्हाही पोटाचं सोंग नव्हतं.

बेटा, बरा हाय का?

"बरा हाय, अब्बा."

सकाळपासून विचारतोय. आता इथं, या पानावर विचारतो. खरं सांग, चाँदपाशा. लवकर सांग.