तिसऱ्या महिन्याचं दान

कोटवेल, मातर
ता. ९ जून

चि. इनोका,

त्रिरत्नांची सावली तुझ्यावर आणि बाळावर राहो. तुझं पत्र पोचलं. बाळाचा फोटो बुद्धाच्या तसबिरीखाली ठेवलाय. कपाळ थेट तुझ्या थात्तांचं, नातू आजोबांवर गेलाय. नाक कुणाचं घेतलंय कोण जाणे, आपल्या घराण्यात असलं देखणं नाक नाही.

मी बरी आहे. थात्तांना जाऊन दोन महिने झाले, तरी अंगणातली माणसं हलत नाहीत. सुतकाच्या पांढऱ्या झेंड्यांच्या मधेमधे भावोजींनी, तुझ्या बाप्पांनी, पक्षाचे झेंडे लावलेत. सांत्वनाला कोण येतं आणि रिकामी जागा बघायला कोण येतं, हे खासदाराच्या बायकोला कळत नाही असं त्यांना वाटतं.

पोटुशी होतीस म्हणून विमानात घेतलं नाही, थात्तांचं शेवटचं दर्शन चुकलं, ते तुला लागून राहिलंय. आता तिकीट काढलंस, तिसऱ्या महिन्याच्या दानाला, भिक्खूंच्या जेवणाला, बाळाला घेऊन येतेस, हे वाचून मी पाळणा धुऊन उन्हात ठेवला. मला किती आनंद झाला ते लिहीत नाही.

परवा बाप्पा तुझी पत्रिका मागायला आले.

"दानाची वेळ बघायचीय, वहिनी."

"मेलेल्याच्या दानाला जिवंत पोरीची पत्रिका कशाला लागते, भावोजी?"

मग खरं बोलले. "लोकांना आपलंच नाव हवंय. ती आली की शुभ घटका बघून तिचाच अर्ज भरू. कडेवर मूल असलं तर आणखी बरं. बाया रडतील, आणि रडलेली बाई मत देते."

"तिला विचारलंत?"

"इथं आल्यावर विचारू की! भिक्खूंसमोर, सगळ्या गावासमोर. नाही म्हणेल होय?"

पत्रिका दिली नाही. पण फलक आधीच छापून झालेत. तुझा लग्नातला फोटो घेतलाय आणि गळ्यातले दागिने पुसून टाकलेत.

तुला एक गोष्ट आम्ही कधी सांगितली नाही. थात्तांना खासदार व्हायचंच नव्हतं. ते पेरादेणियाच्या विद्यापीठात गणित शिकत होते. तुझे आजोबा खासदार असतानाच वारले, तेव्हा सातव्या दिवसाच्या दानाला थात्ता दोनच कपडे घेऊन आले. भिक्खूंची जेवणं उरकली आणि माणसांनी त्यांना अंगणातूनच खांद्यावर उचललं. वसतिगृहातली ट्रंक मागाहून कुणीतरी आणून दिली.

पाच वेळा निवडून आले. रस्ता, दवाखाना, मुलींची शाळा, सगळं त्यांनी केलं. लोकांनी जीव लावला तो खोटा नव्हता, म्हणून तर सुटता आलं नाही. सभागृहात मागच्या बाकावर बसून ते कामकाजाच्या कागदांच्या पाठीवर भूमिती मांडायचे. एकदाच पडले. ती काही वर्षं काय ती मी त्यांना घरात शीळ घालताना ऐकलं. तुला भागाकार त्यांनी तेव्हाच शिकवला. पुढच्या निवडणुकीला माणसं पुन्हा दारात आली आणि शीळ बंद झाली.

म्हणून सांगते पोरी, येऊ नकोस.

तू हट्टी आहेस, तोंडावर नाही म्हणशील, ठाऊक आहे मला. थात्ताही हट्टीच होते. तिकीट परत कर. बाप्पांना सांगेन, पोरगी आईशी भांडली, येत नाही म्हणते. शिव्या मला पडतील, पडू देत. हे वारं शांत झाल्यावर, वर्षा-दोन वर्षांनी बघू. तोवर बाळाला बोलता येईल. आजीला आच्ची म्हणायचं, एवढं शिकवून ठेव.

दानाच्या शेवटी पुण्य गेलेल्याला पोचावं म्हणून पाणी ओततात, तेव्हा घरच्या सगळ्यांचे हात एका भांड्याला लागतात. तुझा हात नसेल. थात्ता समजून घेतील. मला मात्र ते जड जाणार आहे, खोटं कशाला बोलू.

वाट न बघणारी,
तुझी अम्मा