आबांचा अंगठा

११ एप्रिल
दादा आष्टीला आला, हातात साडी. ना पंचमी, ना दिवाळी. आबांना जाऊन दोनच महिने झालेत अन् भावाला आत्ता बहीण आठवली? चहा नको म्हणाला. निघताना हळूच, कारखान्यातला आबांचा शेअर नावावर करायचाय, एक सही लागेल. कागद मात्र आणला नव्हता. साडी पिशवीतच ठेवली.

१३ एप्रिल
घरी दवाखान्याचं सांगून पाटोद्याला वकिलांकडे. म्हणाले, कशावरही सही करू नका, आधी तलाठ्याकडे बघून या. भिंतीवर त्यांचा माहेरच्या सोसायटीच्या चेअरमनबरोबर फोटो. दादा त्याच चेअरमनच्या मागं फिरतो. फी घेतली नाही, त्यानं तर जास्तच धास्ती वाटली.

१५ एप्रिल
माहेरी. चावडीवर नोटीस. आबांच्या मृत्युपत्राप्रमाणे विहिरीसकट सगळी जमीन दादाच्या नावे, हरकत पंधरा दिवसांत. उद्या शेवटचा दिवस! अख्खं गाव जनावरं घेऊन चारा छावणीत, नोटीस वाचणार कोण? मुद्दामच केलंय हे.
तलाठ्याकडून नक्कल घेतली. साक्षीदारांत एक सोसायटीचा सचिव. खाली आबांच्या सहीऐवजी अंगठा. आबा दहा वर्षं सोसायटीचे संचालक. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा लांब रेघ ओढून ऐटीत सही करायचे. मग हा अंगठा कुणाचा?

१६ एप्रिल
हरकत दिली. वकिलांनीच लिहून दिली, तरी देण्याआधी दोनदा वाचली. पोच डब्यात, तांदळाखाली. संध्याकाळी दादाचा फोन. "हरकत मागं घे. न्हाईतर तुला माहेर न्हाई."
रडले. राग जास्त होता.

१९ एप्रिल
छावणीत आईकडे. म्हशीला उसाचं वाढं टाकत होती. अंगठ्याचं विचारलं.
"उजवा हात गेलता त्यांचा. सही कशानं करत्याल? म्हैनाभर मीच भरवलं. तू आलतीस का बघाया?"
नव्हते गेले. दादा फोनवर बरे आहेत म्हणायचा. मीही खोदून विचारलं नाही. खरं तर ते सोयीचंच होतं.
मग विचारलं, अंगठा घेताना कागद आबांना वाचून दाखवला का? आई म्हशीकडे वळली.

२४ एप्रिल
वकील म्हणतात, २ मेला मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी, सगळं आईच्या बोलण्यावर आहे. आई कुणाच्या बाजूनं बोलतील, त्यांनी विचारलं.
ह्यांना आज सगळं सांगितलं. एवढंच म्हणाले, आईला यात ओढू नको.

१ मे
आईचा निरोप. उद्या येतेय, दादाच्या गाडीतून. मला सांगितलंय, दादानं आणलेली साडी नेसून ये.
का, ते विचारायला आईला फोन केला. उचलला नाही.
साडी काढली. घडीत कागदबिगद नाही ना, ते आधी झटकून बघितलं. काही नव्हतं. रंग जांभळा. मला जांभळा आवडतो हे दादाला कधीच ठाऊक नव्हतं, आईला आहे.