पिवळ्या कागदावरचं पत्र

टोलेडो, ओहायो
१२ ऑक्टोबर

प्रिय बर्नाताई,

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. गुडघे अजून दुखतात हे वाचून वाईट वाटलं. मी बरा आहे. नदीकाठी एक जुनं दुमजली घर घेतलं होतं, त्याचं छप्पर परवा पुरं झालं. वरच्या मजल्यावर भाडेकरूही आला.

आता मुद्द्यावर येतो, नाहीतर पुन्हा पळ काढीन.

तू लिहिलंयस, "लेनी, सहा वर्षांनी पत्र पाठवलंस आणि अक्षर किती सुधारलंय रे! लहानपणी कागदावरून कोंबडी चालल्यासारखं लिहायचास." ताई, ते अक्षर माझं नाही. जुनी घरं स्वस्तात मिळवायला आम्ही धंद्यातली माणसं अशी पत्रं टाकतो. पिवळा रेघांचा कागद, हाताने लिहिल्यासारखी छपाई, मध्येच एक शब्द खोडलेला, म्हणजे वाचणाऱ्याला खरं वाटावं. पंचवीस वर्षांहून जास्त काळ एकाच घरात राहणाऱ्यांची यादी मी विकत घेतली आणि न वाचताच छापखान्यात दिली. चारशे पत्रं गेली. त्यातलं एक, खाली माझं नाव छापलेलं, तुझ्या दारात पडलं.

तुला वाटलं, धाकटा भाऊ आईचं घर मागतोय. म्हणून सोबतच्या करारावर तू सही करून पाठवलीस. "घर घरातच राहील," म्हणालीस. राहिलं नसतं, ताई. त्या करारात एक ओळ आहे, 'खरेदीदार किंवा तो नेमेल ती व्यक्ती.' म्हणजे तुझ्या सहीचा कागद मी दुसऱ्याच दिवशी कुणालाही विकू शकलो असतो आणि त्याने तुला महिन्याभरात बाहेर काढलं असतं. ती ओळ कुणाच्या चटकन ध्यानात येऊ नये, अशीच मी वकिलाकडून लिहून घेतली होती. किंमतही बाजारभावाच्या निम्मी होती.

तो करार फाडून या पाकिटात घातलाय. सहीचा तुकडा वरच ठेवलाय, बघून घे.

जिना झेपत नाही म्हणून विकायचंच असेल तर आधी परक्या माणसाकडून किंमत काढून घे. वकील तू निवड. मग वाटलं तर मला सांग. मी घेतलं तर तू आहेस तोवर ते दुसऱ्या कुणाला विकणार नाही, हे इथे लिहून देतोय. बाकीच्या तीनशे नव्व्याण्णव जणांनाही मी खरं पत्र पाठवतोय. माझा भागीदार मार्को म्हणाला, "असं लिहिलंस तर कुत्रंसुद्धा फोन करणार नाही." म्हटलं, नको करू दे.

एक राहिलं. त्या पत्रात होतं, 'मी आणि माझी बायको तुमच्या गल्लीत घर शोधतोय.' त्यावर तू लिहिलंस, "रविवारी थेरेसालाही आण, तिच्या आवडीच्या, कोबीचं सारण भरलेल्या पिरोगी करते." बायकोचं ते वाक्य जुनं आहे. त्यामुळे लोक फोन करतात, म्हणून मी ते काढलं नाही.

थेरेसा गेल्या वर्षी मार्चमध्ये गेली. आईने घर तुझ्या नावावर केलं, या रागापायी मी तुला कळवलंही नाही. तिच्या लग्नाचा झगा तू शिवला होतास आणि तिला माती द्यायला तू नव्हतीस. याची मला लाज वाटते. माफ कर असं लिहायचा धीर शनिवारपासून गोळा करतोय. माफ कर.

रविवारी येऊ का, ते कळव. नको असेल तर सरळ नको म्हण, मी रुसणार नाही. ये म्हणालीस तर एकाचंच ताट वाढ.

तुझा भाऊ,
लेनर्ड