मी ऐकलेला आकडा

प्रिय आई,

नमस्कार. मी मजेत आहे. तीन दिवस सुट्टी मिळालीय, म्हणून निवांत लिहितेय.

सुट्टी कसली, कंट्रोल रूमच्या खुर्चीवरून उठवलंय मला. घाबरू नकोस, सगळे सुखरूप आहेत. सोमवारी उड्डाण केलेल्या एका विमानाला मी सांगितलं, सात हजार फुटांच्या वर जाऊ नका. वैमानिकाने नियमाप्रमाणे आकडा परत म्हणून दाखवला, पण म्हणाला नऊ हजार. आणि मी म्हणाले, बरोबर! आठ हजारांवर दुसरं विमान आडवं येत होतं. शेजारच्या टेबलावरच्या बाई ओरडल्या, म्हणून त्याला वेळेत थांबवता आलं.

नंतर रेकॉर्डिंग ऐकवलं. त्याचं ‘नऊ’ अगदी स्वच्छ आहे गं. मला मात्र माझंच ‘सात’ ऐकू आलं होतं, कारण मला तेच ऐकायचं होतं.

तेव्हापासून तुझे फोन आठवतायत. ‘बरी आहे’ म्हणताना तू मध्येच दम घेतेस, आणि मी ‘बरं झालं’ म्हणून पुढचं बोलायला लागते.

आता खरं लिही. जिना चढताना कितव्या पायरीवर थांबावं लागतं? आकडाच लिही. मी फोन करून तो तुला परत म्हणून दाखवीन.

तुझी,
(तूच म्हणायचीस ती) तिखट कानाची