चार शिंगांचा राउटर

प्रिय दादा,

“माझ्या फोनवर तर लागतंय!” हे वाक्य पुन्हा एकदा जरी तुझ्या तोंडून ऐकलं ना, तर बाबांनी शिकवलेली सगळी सभ्यता मी खुंटीला टांगून ठेवीन. लागतंय रे तुझ्या फोनवर. लागणारच. का लागतंय ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे, आणि आज ते तू गपगुमान वाचायचंस. मधे तोंड घालता येऊ नये म्हणूनच तर पत्र लिहितेय.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्याच तू सगळं ठरवून टाकलंस. आपली कृत्रिम दातांची लॅब बंद ठेवता येणार नाही, दातांच्या डॉक्टरांशी तूच बोलतोस, दात कोरायचं मशीन तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. माझं काय, मी कॉम्प्युटरवर दातांची डिझाइन करते, ती कुठूनही होतात. “आई असती तर प्रश्नच नव्हता,” असंही पुटपुटलास. म्हणजे घरात बाईमाणूस हवं, हे न बोलता बोललास. मी हो म्हटलं. बाबांसाठी म्हटलं, तुझ्यासाठी नाही. आणि पहिला महिनाभर छान चाललं होतं. बाबांना सूप भरवायचं, त्यांचं तोंड पुसायचं, त्यांचा डोळा लागला की कुणाची तरी दाढ घडवायची. लॅबच्या सर्व्हरवरून जबड्याचं स्कॅन उघडायचं, दात बेतायचा, परत ठेवून द्यायचा. बाबा पडल्यापडल्या स्क्रीनकडे बघायचे. एकदा त्यांनी डाव्या हाताचं बोट हलवून मला एक सुळा बारीक करायला लावला. तू नव्हतास तेव्हा.

मग तू तो राउटर आणलास. चार शिंगांचा, लाल दिव्यांचा, अंगावर आलेल्या विंचवासारखा. जोडीवर सूट होती म्हणून दोन उचललेस, एक लॅबला, एक घरी. त्या दिवसापासून माझं काम ठप्प झालं. व्हीपीएन, म्हणजे घरून थेट लॅबच्या नेटवर्कमध्ये शिरायचा आपला तो खासगी रस्ता, जोडला जायचा. “कनेक्टेड” असं ऐटीत लिहूनही यायचं. आणि सर्व्हर काही केल्या उघडायचा नाही. मी तुला सांगितलं. तू दारातच, बूटही न काढता, खिशातून फोन काढून सर्व्हर लावून दाखवलास. लागला. “बघ,” म्हणालास आणि निघून गेलास. बाबांच्या खोलीत डोकावलासुद्धा नाहीस.

त्याच आठवड्यात आपल्या एका जुन्या डॉक्टरीणबाईंचा ब्रिज, सहा जोडलेल्या दातांचा, रखडला. त्यांचा फोन आला. तू स्पीकरवर, अख्ख्या लॅबसमोर म्हणालास, “बहीण आता हौसेपुरतं करते हो.” मला कसं कळलं? लॅबमधले मेणवाले काका बाबांना भेटायला आले होते, त्यांच्या पोटात राहिलं नाही. हौसेपुरतं! सात वर्षं माझे डोळे त्या स्क्रीनवर फुटलेत, तुझ्या निम्म्या डॉक्टरांना ‘ताईकडूनच करून घ्या’ असं सांगायची सवय आहे, आणि हौसेपुरतं. काका सांगत होते तेव्हा बाबा ऐकत होते, दादा. त्यांना बोलता येत नाही. ऐकू सगळं येतं. त्यांनी चादर मुठीत धरली ती काका गेल्यावरही सोडली नाही.

त्यानंतर तू नवीन डिझायनर ठेवलास आणि माझ्या खुर्चीवर बसवलास. मला विचारलंही नाहीस.

एका दुपारी घरचं इंटरनेट गेलं. मी लॅपटॉप माझ्या फोनला जोडला, आणि सर्व्हर चुटकीसरशी उघडला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. तुझी ती दोन जुळी खोकी! कंपनीतून निघताना दोघांचा आतला पत्ता एकच असतो. तू एकाचाही बदलला नाहीस. त्यामुळे माझा लॅपटॉप लॅबचा सर्व्हर शोधायला निघायचा आणि पत्ता तोच म्हणून आपल्याच घरात, बाबांच्या पलंगाखाली शोधत बसायचा. तुझा फोन मात्र मोबाइलच्या इंटरनेटवर. घरचं वायफाय तू कधी जोडलंच नाहीस. तेवढा वेळ घरात थांबतोस कुठे?

पाच मिनिटांत दुरुस्त होणारी चूक होती. मी तुला सांगितली नाही. माझ्यापुरता तात्पुरता फोन जोडून घेतला आणि शांतपणे ठरवलं, तुझे दात तुझ्याच घशात घालायचे. दात बनवणं हा तर आपला धंदाच आहे.

म्हणून मी म्हटलं की लॅबचा नवा राउटर मला निवडू दे. “निवड बाई, तेवढंच मन रमेल,” म्हणालास. मी तीन आठवडे वाचलं. खोक्यावर छापलेला वेग वायफायचा असतो, व्हीपीएन चालू केल्यावर त्याचा चौथा हिस्साही उरत नाही, म्हणून तो आकडा वेगळा शोधला. इंटरनेटची एक लाइन पडली तर आपोआप दुसरी घेणारा हवा होता. व्हीपीएनमध्ये शिरायची प्रत्येक माणसाची किल्ली वेगळी करता येणारा हवा होता. इंटरनेटवाल्याकडे रोज न बदलणारा बाहेरचा पत्ता मागून घेतला आणि लॅबचा आतला पत्ता असा विचित्र ठेवला की कुणाच्या घरच्याशी जुळणार नाही. मी आणला तो काळा, ठोकळ्यासारखा. “याची शिंगं कुठायत?” म्हणून तू सगळ्यांना हसवलंस. हसून घेतलंस ते बरं केलंस.

पाच आठवडे झाले, एकदाही तुटलेला नाही. मी मुद्दाम एक लाइन काढूनही बघितली. तुला वाटलं, मी माझ्या कामासाठी तपासतेय. दादा, मी तुझं काम तपासत होते. मशीनला कोरायचं काम सोडणं घरून होतं. दात भाजायची भट्टी कॅमेऱ्यात दिसते. डॉक्टरांचे फोन लॅपटॉपवर येतात. ‘मला लॅबमध्ये असावंच लागतं’ या तुझ्या वाक्यातलं एकेक कारण मी हाताने काढून टाकलंय.

सकाळी अंघोळीपुरता घरी येतोस, तसा तू आता अंघोळीला गेलायस. लॅपटॉप बाबांच्या पलंगाशेजारी ठेवलाय, व्हीपीएनची तुझी किल्ली घालून. औषधांच्या वेळा भिंतीवर लावल्यात. दर दोन तासांनी कूस बदलायची, उजव्या हाताखाली उशी. मशीनमध्ये दात कोरायचे ठोकळे मी घालीन, आणि माझी खुर्ची मी स्वतः मागून घेईन. आजपासून मी लॅबमध्ये, तू घरी, आणि राउटरचं कारण सांगायची सोय नाही. बाबांची शिक्षा केलीस मला, असं म्हणशील. म्हण. मला ती शिक्षा कधीच वाटली नाही, तुलाच वाटायची, म्हणून तर तुला देतेय. ते ‘ऊं’ करतात तेव्हा पाणी हवं असतं, आणि ‘ऊं ऊं’ करतात तेव्हा तू हवा असतोस. सात महिने मी त्यांना खोटं सांगतेय की तू येतोयस.

तुझ्या स्कूटरची किल्ली मी घेतलीये. नळ बंद झाला. निघाले.

तुझीच,
धाकटी