बायकोच्या कॉम्प्युटरची मुक्ती

रविवार, ४ तारीख. सकाळी ९.
शिसारी आली. बायकोचा कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं, वर 'अपडेट चालू आहे, बंद करू नका'. आपल्याच घरात आपल्याच यंत्राने दटावायचं. आज ओपन सोर्स सिस्टिम टाकतो. फुकट, स्वच्छ, कुणाच्या बापाची नाही. ती सामान्य माणसांना जमत नाही म्हणणाऱ्यांना घरातच पुरावा दाखवतो. घरात सामान्य माणसं दोन: बायको आणि सासूबाई.
बायको बाहेर गेली आहे. विचारलं नाही. सरप्राइज.

दुपारी १.
झालं. तिची भरतकामाची सहा वर्षांची डिझाइन्स आधी डी ड्राइव्हवर कॉपी केली. मग 'संपूर्ण डिस्क पुसा' निवडलं. स्वच्छता म्हणजे स्वच्छता.

दुपारी १.१०.
डी ड्राइव्ह त्याच डिस्कवर असतो.

सोमवार, ५.
शनिवारी तिला शाळेला दोनशे दप्तरं द्यायची आहेत, प्रत्येकावर शाळेचं चिन्ह भरून. चिन्हाचं डिझाइन त्यातच होतं. तिचं हे पहिलं मोठं काम. तिला सांगितलं, नवी सिस्टिम सेटल होते आहे, शनिवारपर्यंत कॉम्प्युटरला हात लावू नको. बरं म्हणाली. केवढा विश्वास.

मंगळवार, ६.
पुसलेलं परत कसं मिळवायचं ते ओपन सोर्सवाल्यांच्या फोरमवर विचारलं. 'टर्मिनलभक्त' नावाच्या इसमाने उलट विचारलं, आधी मॅन्युअल वाचलंत का. असल्या उर्मट माणसांमुळेच ही चळवळ मागे पडली. (गेल्या आठवड्यात मीही एकाला हेच विचारलं होतं. पण तो खरंच मठ्ठ होता.)

बुधवार, ७. संध्याकाळी.
रिकव्हरी प्रोग्राम सकाळपासून चालू. ६१ टक्के. सासूबाईंनी विचारलं, पत्त्यांचा खेळ कुठे गेला. समजावायला खुर्ची ओढेपर्यंत त्यांनीच शोधला. अक्षरं मोठी आहेत, मध्येमध्ये जाहिराती येत नाहीत, आधीपेक्षा बरं आहे म्हणाल्या. दोन तास उठल्या नाहीत. सामान्य माणूस जिंकला.
रिकव्हरी त्यांनी बंद केली. ती खिडकी पत्त्यांच्या आड येत होती म्हणे.

गुरुवार, ८.
पुन्हा चालवलं. ४,३१२ फाइल्स मिळाल्या. बहुतेक जुन्या सिस्टिमच्या कचरापेटीची चित्रं, लहान, मध्यम आणि मोठी. एक अर्धवट फूल. स्वतःची किळस आली, पण थोडीच. इतकं घातक बटण इतक्या ठळक अक्षरांत ठेवतात कशाला?
शेजारच्या खोलीत तिचं भरतकामाचं मशीन दिवसभर खडखडतंय. रिकामंच चालवत असावी, मन रमवायला. गलबलून आलं.

शुक्रवार, ९.
आज सांगणार होतो. तिचा मूड चांगला दिसला, मोडवेना. त्याऐवजी चिन्ह स्वतःच काढायला बसलो. ओपन सोर्समध्ये चित्रं काढायचा उत्तम प्रोग्राम आहे. शाळेचं चिन्ह म्हणजे तेवता दिवा. तीन तास लागले. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि किटली छान आलीय म्हणाल्या.

शनिवार, १०. दुपारी.
शाळेच्या मुख्याध्यापिका टेम्पो घेऊन आल्या. मी दारातच गाठलं. तांत्रिक अडचण, मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी, थोडी मुदतवाढ, असं सगळं एका दमात सांगितलं. बायकोने मला खांद्याला धरून बाजूला केलं. मागे दोनशे दप्तरं रचलेली. दिवा दिव्यासारखाच होता.
टेम्पो गेल्यावर विचारलं, डिझाइन आणलंस कुठून. म्हणाली, मशीन पेनड्राइव्हवरूनच घेतं, सगळी डिझाइन्स पहिल्यापासून त्यावरच आहेत. कॉम्प्युटरवरची पुसली गेली हे तिला रविवारी दुपारीच कळलं होतं. सव्वा वाजता ती घरी आली तेव्हा कॉम्प्युटरवर सगळं नवंकोरं होतं आणि मी आडवा पडलो होतो म्हणे, आणि मी दुपारी कधी झोपत नाही. आधी का नाही सांगितलंस विचारलं, तर चहा टाकायला गेली.
पेनड्राइव्ह दोऱ्याच्या डब्यात तळाशी सापडला. त्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: 'ह्यांच्या हाती लागू देऊ नये.' शाई फिकी झाली आहे. खाली चार वर्षांपूर्वीची तारीख. त्या आठवड्यात मी तिचा प्रिंटर सुधारला होता.